मुंबई ते लंडन : पाच महिन्यांपासून नऊ तासांपर्यंत

आपल्या दहावी 1995 च्या बॅचला तीस वर्षं झाली, त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी "आठवणी सगळेच लिहितील, तू जरा इतिहासातलं काहीतरी लिही" अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मी संगणकवाली, इतिहासवाली नव्हे. पण स्नेहमेळाव्याची तारीख ठरवताना आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जी महिनाभर चर्चा झाली, तिच्यातूनच विषय मिळाला. चिपळूणमध्ये राहणाऱ्यांना कोणताही रविवार चालत होता. पुण्या-मुंबईवाल्यांना जोडून सुट्टी हवी होती. आणि लंडन, दुबई, टोरांटोवाल्यांना तिकिटाचे दर, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या आणि रजा या तिन्हींचा मेळ घालायचा होता. शेवटी तारीख ठरली ती सर्वांत लांब असणाऱ्यांच्या सोयीने, आणि ते योग्यच झालं.

त्यावरून मनात आलं की दोन शहरांमधलं अंतर म्हणजे नेमकं काय? किलोमीटर तर शतकानुशतकं तेच आहेत. मग बदललं काय, कसं बदललं, आणि त्याची किंमत कोणी मोजली? हे पाहण्यासाठी मी मुंबई आणि लंडन ही जोडी निवडली. एक तर या दोन शहरांच्या प्रवासाच्या नोंदी भरपूर आहेत, आणि दुसरं म्हणजे या वाटेवर आपली मराठी माणसं फार पूर्वीपासून ये-जा करत आली आहेत.

दोरा आणि गोल

मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. "सरळ" म्हणजे पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांवर बोट ठेवून दोरा ताणला तर तो जिथून जाईल ती वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा अरबस्तानावरून जाताना दिसते. गोलावरचा दोरा मात्र उत्तरेकडे सरकतो. तो कराचीच्या बाजूने वर जातो, पूर्व इराण ओलांडतो, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडून कॉकेशसमध्ये शिरतो, मग काळा समुद्र, युक्रेन आणि जर्मनीवरून लंडनला पोचतो. घरी मुलांचा पृथ्वीगोल असेल तर करून पाहा. बरोबर मध्यावर आर्मेनिया-जॉर्जियाचा भाग येतो. या दोऱ्यावरचे देश लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

हा दोरा माणसाला प्रत्यक्ष वापरता यायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्याआधी वाट पाण्याची होती, आणि ती भलतीच लांबची होती.

शिडाची जहाजं

केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबई ते लंडन हे अंतर सुमारे 19,800 किलोमीटर भरतं, म्हणजे सरळ अंतराच्या पावणेतीन पट. शिडाच्या जहाजाला त्यासाठी चार ते सहा महिने लागत. पाच महिने धरून हिशेब केला तर सरासरी वेग ताशी साडेपाच किलोमीटर येतो. म्हणजे आपण सकाळी फिरायला जातो त्या वेगाने माणसं विलायतेला जात होती. त्यातही मुहूर्त पावसाळ्याचा पाहावा लागे. नैर्ऋत्येचे वारे अंगावर असताना मुंबईहून पश्चिमेला शीड उभारण्यात अर्थ नसे.

त्या काळात विलायतेला गेलेल्या पहिल्या मराठी माणसांपैकी एक म्हणजे राघोबादादांचा वकील हणमंतराव. 1781 च्या सुमारास तो मणियार नावाच्या पारशी सहकाऱ्याबरोबर लंडनला गेला होता. तिथे एडमंड बर्क या प्रसिद्ध संसदपटूने त्यांची व्यवस्था केली. हणमंतराव ब्राह्मण, परक्याच्या हातचं खाणार नाही, म्हणून बर्कने आपल्या बागेतलं काचघर त्याला स्वयंपाकाला दिलं. इंग्लंडच्या थंडीत, रोपं वाढवण्याच्या काचघरात चूल पेटवून भात शिजवणारा तो मराठी वकील मला फार जवळचा वाटतो. परदेशी गेल्यावर भाड्याच्या खोलीत पहिला कुकर लावणारे आपल्यापैकी अनेकजण त्याचेच वारसदार.

त्याच्याहून कठीण वाट्याला आलं ते रंगो बापूजी गुप्त्यांच्या. 1839 मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. त्यांची दाद मागायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथेच झगडत राहिले. ज्यांच्यासाठी ते गेले होते ते महाराज 1847 मध्ये काशीला वारले. 1848 मध्ये सातारचं राज्य खालसा झालं. या दोन्ही बातम्या रंगो बापूजींना कळल्या त्या घडून गेल्यानंतर कितीतरी दिवसांनी. इकडे राजा गेलेला, आणि तिकडे त्याचा वकील त्याच्याच बाजूने अर्ज खरडतो आहे, असे दिवस त्या वाटेवर सहज येत असत. अंतराचा हा अर्थ इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला कुणी सांगितला नव्हता. प्रश्न विचारला आणि उत्तर आलं, एवढ्यात कितीतरी महिने सरायचे. तोवर प्रश्नच बदललेला असायचा.

कोळसा

वेळ कमी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईतूनच झाला. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली. तिची अडचण अशी की कोळसा साठवण्याची जागा जेमतेम साडेपाच दिवसांपुरती आणि पहिला मुक्काम एडन, तो त्याहून कितीतरी लांब. म्हणून उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा बोटीवरचा कोळसा जवळपास संपलेला होता. सुएझला पोचायला तिला तेहेतीस दिवस लागले, आणि त्यातले बरेच कोळसा चढवण्यात गेले. तरीही गोष्ट सिद्ध झाली. वाऱ्याची वाट न पाहता तांबड्या समुद्रातून जाता येतं.

पुढची दोन-तीन दशकं वाट अशी होती : मुंबई ते सुएझ आगबोट, सुएझ ते अलेक्झांड्रिया वाळवंटातून उंटावर आणि घोडागाडीतून, पुन्हा आगबोट. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या खटपट्या इंग्रजाने याच वाटेने टपाल नेण्याची व्यवस्था बसवली. 1858 मध्ये कैरो-सुएझ रेल्वे झाली आणि उंट सुटले. महिन्या-सव्वा महिन्यात पत्र पोचू लागलं.

आणि मग आठ महिन्यांत सगळं उलटंपालटं झालं. 17 नोव्हेंबर 1869 ला सुएझ कालवा उघडला. मार्च 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग जोडला गेला. जून 1870 मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली. ही तार टाकणारं जहाज होतं त्या काळचं सर्वांत मोठं 'ग्रेट ईस्टर्न'. ज्यूल व्हर्नने यानंतर दोनच वर्षांनी ऐंशी दिवसांत पृथ्वी फिरणाऱ्या माणसाची कादंबरी लिहिली, तिच्यातलं वेळापत्रक काल्पनिक नव्हे, त्या वेळच्या सोयींवर बेतलेलं आहे. लंडन ते सुएझ 7 दिवस, सुएझ ते मुंबई 13 दिवस, एकूण 20. सरळ अंतराच्या हिशेबाने ताशी पंधरा किलोमीटर, म्हणजे सायकलचा वेग.

तारेमुळे आणखी एक गोष्ट पहिल्यांदा घडली. तोवर बातमी आणि माणूस एकाच जहाजाने प्रवास करत. 1870 नंतर बातमी पुढे गेली आणि माणूस मागे राहिला. मुंबईत कोणी वारलं तर लंडनमध्ये काही तासांत कळू शकत होतं, पण तिथून निघालेला मुलगा तीन आठवड्यांनी पोचणार. आधी कळायचंच उशिरा, आता कळायचं लगेच आणि करता काहीच यायचं नाही. यातलं जास्त कठीण कोणतं, हे सांगणं अवघड आहे.

एडन, सुएझ, पोर्ट सैद

आपले भूगोलाचे सर बंदरांची नावं एका दमात म्हणून घ्यायचे : मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद, माल्टा, मार्सेलिस, जिब्राल्टर, लंडन. तेव्हा ती पाठांतराची शिक्षा वाटे. प्रत्यक्षात ती दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाची स्टेशनांची यादी होती. घाई असलेला प्रवासी मार्सेलिसला उतरून रेल्वेने पुढे जाई आणि आठवडाभर वाचवी. मार्सेलिस हे नाव आपल्या पिढीला ज्या उडीमुळे पाठ आहे, ती 8 जुलै 1910 ची सावरकरांची उडीही याच वाटेवरच्या 'मोरिया' बोटीतून. चार वर्षांपूर्वी, जून 1906 मध्ये, ते विलायतेला गेले होते तेही याच वाटेने, 'पर्शिया' बोटीतून.

या बोटींवर पैसे भरून बसलेले प्रवासी इतिहासात आले. कोळशाजवळ आणि डेकवर राबणारे आले नाहीत. त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी मोठ्या संख्येने होते, विशेषतः खाडीकाठच्या मुस्लिम वस्त्यांमधले. जेवणघरात वाढणारे बहुतेक गोव्याचे. वाशिष्ठीच्या काठची, दाभोळच्या बाजूची कितीतरी घरं लंडनच्या गोद्यांमध्ये जाऊन येणाऱ्या माणसांच्या पगारावर उभी राहिली. आपल्या वर्गातल्या काहींच्या आडनावामागे हा इतिहास असेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, नंतर विचारायला कोणी उरत नाही.

पहिल्या महायुद्धात ही वाट धोक्याची झाली. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतले. ते स्वतः सुखरूप मुंबईला आले, पण त्यांचं सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीने येत होती. ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. एकेक पेनी वाचवून घेतलेली ती पुस्तकं होती. सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातून त्यांनी बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याचा खर्च भागवला. लोकमान्य टिळक चिरोलवरच्या खटल्यासाठी निघाले तेही युद्ध चालू असतानाच : 1918 च्या सप्टेंबरात मुंबई सोडली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस लंडन गाठलं. कालव्यामुळे वीस दिवसांवर आलेला प्रवास युद्धामुळे पुन्हा पाचेक आठवड्यांचा झाला. वेळ एकदा कमी झाली म्हणजे ती कायमची कमी झाली, असं नसतं. हे सूत्र पुढेही दिसेल.

पंख

30 मार्च 1929 रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. सात दिवस लागत. आणि ते सगळे हवेत नव्हते : लंडन ते बाझल विमान, तिथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, मग भूमध्य समुद्रावर पाण्यावर उतरणारं विमान, आणि शेवटी अलेक्झांड्रियाहून कराचीपर्यंत तिसरं विमान. भाडं 130 पौंड. मुंबई अजून या वाटेवर नव्हतीच.

मुंबई जोडली गेली 15 ऑक्टोबर 1932 रोजी. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून 'पस मॉथ' हे छोटं विमान उडवलं, अहमदाबादला उतरून इंधन घेतलं आणि जुहूच्या मैदानावर टपालाची पोती उतरवली. अहमदाबादला ते इंधन बैलगाडीतून आणलेलं होतं. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेलं ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. लंडनहून आलेलं पत्र कराचीला आगगाडीची वाट न पाहता थेट मुंबईला येऊ लागलं.

त्याआधीची, 1930 ची एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त आवडते. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं : भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंड. स्पर्धेत तिघे होते. मनमोहन सिंग, जे. आर. डी. आणि अवघ्या सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर. अस्पी लंडनहून निघाला होता आणि जे. आर. डी. कराचीहून. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अस्पीचं विमान अडलं होतं, त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचा त्याला दिला. बक्षीस अस्पीला मिळालं. तोच मुलगा पुढे 1960 मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला. आपण त्या वयात बारावीच्या क्लासला जात होतो.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांतच, 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे कॉन्स्टेलेशन विमान 35 प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत 10 जूनला लंडनला पोचलं. वैमानिक होते कॅप्टन के. आर. गझदर. पाच महिन्यांची वाट आता दोन तारखांच्या अंतरावर आली. पंखे फिरवणाऱ्या इंजिनांचं ते विमान एका दमात 7,200 किलोमीटर जाऊ शकत नव्हतं, म्हणून हे थांबे.

याच विमानाचा शेवट फार वाईट झाला. 3 नोव्हेंबर 1950 रोजी जिनिव्हाकडे येताना 'मलबार प्रिन्सेस' आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं आणि 48 जण गेले. प्रवाशांत बहुतेक भारतीय खलाशी होते, बोटीवर रुजू व्हायला निघालेले. ज्यांच्या वाडवडिलांनी तीन आठवडे बोटीतून कोळसा लोटला, ते आता विमानाने कामावर निघाले होते. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 24 जानेवारी 1966 रोजी, त्याच शिखरावर, त्याच वाटेवर, एअर इंडियाचं 'कांचनगंगा' हे बोइंग कोसळलं. 117 माणसं गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते. वेळ कमी करण्याची किंमत काही लोकांनी अशी मोजली आहे. आज आपण निर्धास्त झोपून जातो त्या प्रवासामागे अशा अपघातांतून शिकलेले कितीतरी नियम उभे आहेत.

1960 नंतर वेग का वाढला नाही?

एप्रिल 1960 मध्ये एअर इंडियाचं जेट, म्हणजे बोइंग 707, लंडनला जाऊ लागलं. कॉन्स्टेलेशनचा वेग ताशी सुमारे 500 किलोमीटर, तर 707 चा 900 च्या आसपास. प्रवास एकदम निम्म्यावर आला. आणि इथे अभियांत्रिकीची एक गंमत आहे. त्यानंतर गेली पासष्ट वर्षं प्रवासी विमानांचा वेग वाढलेलाच नाही! आजचं नवंकोरं विमानही साधारण त्याच वेगाने उडतं.

कारण सोपं आहे. आवाजाच्या वेगाच्या जवळ जाऊ लागलं की हवेचा विरोध एकाएकी खूप वाढतो आणि इंधन बेसुमार लागतं. आवाजाच्या वेगाच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर जो सौदा जमतो तो त्यापुढे जमत नाही. कॉन्कॉर्डने ती भिंत ओलांडली, एअर इंडियानेही दोन कॉन्कॉर्डसाठी हक्क राखून ठेवले होते, पण नंतर तो विचार सोडला. लंडनला दुपटीने वेगात जाणारं विमान मुंबईला मिळालं नाही.

मग 1960 नंतर वेळ कमी झाली कशी? थांबे गेले म्हणून. इंजिनं कमी इंधन पिऊ लागली, टाक्या मोठ्या झाल्या आणि बैरूत, जिनिव्हा, फ्रँकफुर्ट ही नावं तिकिटावरून गळाली. आज मुंबईहून थेट विमान साधारण नऊ ते साडेनऊ तासांत लंडनला पोचतं. परतताना तास-पाऊण तास कमी लागतो, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात आणि ते पाठीशी असतात. शिडाच्या जहाजांचा काळ संपला तरी वाऱ्याशी हिशेब संपलेला नाही.

आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे लोक हे रोज अनुभवतो. प्रोसेसरचा वेगही एका मर्यादेला येऊन थांबला. त्यानंतर काम लवकर झालं ते मधले अनावश्यक थांबे काढल्यामुळे.

बंद आकाश

आता तो दोरा पुन्हा आठवा : पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन. गेल्या काही वर्षांच्या बातम्यांची ही जणू यादीच आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते जुलैत उघडलं. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनवरून एकही प्रवासी विमान जात नाही. एप्रिल 2025 पासून भारतीय विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, आणि जून 2025 मध्ये इराणचं आकाशही काही दिवस बंद होतं. विमानाला दोरा सोडून वळसा घ्यावा लागतो, वेळ वाढते, इंधन वाढतं, तिकीट वाढतं.

समुद्रावरही तेच. 1967 च्या युद्धानंतर सुएझ कालवा बंद पडला तो थेट 5 जून 1975 ला उघडला. मधे अडकलेली जहाजं आठ वर्षं तिथेच वाळूत माखत राहिली. आणि 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी मालवाहू जहाजं पुन्हा केपला वळसा घालू लागली, म्हणजे शिडाच्या जहाजांच्या वाटेने.

तारेचं तर विचारूच नका. 1870 ची तार ज्या भागातून गेली, त्याच भागातून, इजिप्तमार्गे, आज आपलं इंटरनेट जातं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबईचा संदेश लंडनला जाऊन उत्तर येईपर्यंत शंभर-सव्वाशे मिलिसेकंद लागतात. रंगो बापूजींचे कितीतरी महिने ते हे. पण 30 जानेवारी 2008 ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतभरचं इंटरनेट रांगू लागलं. मी तेव्हा पुण्यात लंडनच्या एका ग्राहकासाठी काम करत होते. कित्येक दिवस आमची फाइल जायला तास लागायचा. तेव्हा पहिल्यांदा कळलं की "क्लाउड" वगैरे सगळं खरं, पण शेवटी ते सुएझच्या चिखलातूनच जातं.

घरापर्यंतचा हिशेब

पुस्तकातले आकडे विमानतळापासून विमानतळापर्यंतचे असतात. माणसाचा प्रवास दारापासून दारापर्यंत असतो. 2011 च्या जुलैमध्ये मी कामानिमित्त लंडनला होते. मंगळवारी संध्याकाळी सात वाजता भावाचा फोन आला, बाबांना हार्ट अटॅक आलाय, चिपळूणला दवाखान्यात आहेत. त्या रात्रीच्या विमानात जागा नव्हती, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या विमानात मिळाली. नऊ तास उड्डाण. मुंबईत उतरले तेव्हा बुधवारी रात्रीचे साडेअकरा. पासपोर्ट, सामान यांत एक तास. मग पावसातून गोवा हायवे : पेण, माणगाव, कशेडी, परशुराम. गुरुवारी सकाळी साडेसातला दवाखान्याच्या पायऱ्या चढले. बाबा जागे होते. "एवढ्यात कशी आलीस?" म्हणाले. एकूण बत्तीस तास लागले होते, त्यात विमानातले फक्त नऊ. ज्यांनी कधी असा प्रवास केला आहे त्यांना त्या उरलेल्या तेवीस तासांची लांबी सांगायला नको. पण बाबांच्या मनात बोटीच्या काळातलं लंडन होतं, म्हणून त्यांना ते "एवढ्यात" वाटलं.

सगळेच माझ्याइतके नशीबवान नव्हते. मार्च 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि नियमित सेवा पूर्ववत व्हायला मार्च 2022 उजाडला. मधल्या काळात खास विमानं होती, पण जागा, परवानगी, तपासणी आणि विलगीकरण यांतून वेळेवर पोचणं जवळपास अशक्य होतं. त्या दोन वर्षांत आपल्या बॅचमधल्या काहींनी आईवडिलांना शेवटचा निरोप मोबाइलच्या पडद्यावर दिला. बातमी सेकंदात पोचली आणि माणूस पोचूच शकला नाही. 1870 साली तार आली तेव्हा निर्माण झालेलं अंतर होतं ते. दीडशे वर्षांत विमानं आली, पण ते अंतर एका आदेशासरशी परत उभं राहिलं. ज्यांच्या वाट्याला हे आलं, त्यांनी "मी तिथे असायला हवं होतं" हे मनात धरून बसू नये, एवढंच मैत्रीण म्हणून सांगते. वाट बंद होती. वाट बंद असली की राजाचा वकीलही काही करू शकत नाही.

आता राहिला उरलेल्यांचा प्रश्न. दहावी झालो तेव्हा कोकण रेल्वे पूर्णही झाली नव्हती, ती 1998 मध्ये झाली. तेव्हा मुंबई म्हणजेच लांब होती. आज आपण पाच देशांत विखुरलो आहोत आणि तरी एका रविवारी शाळेच्या पटांगणात जमू शकतो, हे कोळसा लोटणाऱ्यांपासून स्पार्क प्लग देणाऱ्यापर्यंत अनेकांचं देणं आहे. ही सोय कायमची आहे असं मात्र समजू नये. कालवा बंद होतो, आकाश बंद होतं, आणि आपले सर-बाई आता सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणून पुढचा मेळावा दहा वर्षांनी नको, पाच वर्षांनी ठेवू या. तारीख आत्ताच ठरवली तर लांबच्यांना तिकीटही स्वस्त पडेल.